किल्ली प्लगलाच राहील, अक्का

अक्का, काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे जेवले, डोळे पुसले, एसटीच्या वेळा विचारल्या आणि पांगले. अंगणातल्या पत्रावळी उचलून होतात न होतात तोच मी मागच्या शेडात गेले आणि मोटारीला प्लग लावला. वन्संनी ते पाहिलं. "शालन, आज तरी त्या मोटारीचा नाद सोड गं," म्हणाल्या. मी म्हटलं, "उद्या अक्कांच्या कुसुमला सासरी सोडायचंय, वन्सं." त्या मान हलवत आत गेल्या. थोरल्या जावेचं तेरावं आणि हिला मोटार सुचते, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. खरं तर मला रडू येत होतं, म्हणूनच मी शेडात गेले होते. चार्जरची घरघर सुरू झाली आणि मग मी मनमोकळं रडले, कारण त्या आवाजात माझा आवाज बाहेर जात नव्हता. "ह्यो बी एक फायदाच हाय की त्येचा," असं तुम्ही म्हणाला असतात.

माणूस गेलं की लोक चांगलंच बोलतात. तुमच्याबद्दलही बोलले. अक्का म्हणजे गाय, अक्का म्हणजे अन्नपूर्णा, अक्कांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. मी पदराआड ओठ दाबून बसले होते. मान वर करून पाहिलं नाही? भर दुपारी मोटारीखाली उताणी झोपून, काष्टा घट्ट मारून, तोंडात स्क्रू धरून वर पाहणारी बाई या उस्मानाबादेत दुसरी कोण होती? पण हे तेराव्याच्या पंगतीत कसं सांगणार! म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी सांगते.

ती काळी मोटार दादासाहेबांनी, म्हणजे तुमच्या मालकांनी, निजामी गेल्यानंतर घेतली. वकिली जोरात होती, पक्षकार दारात गाड्या सोडून बसायचे. मोटार आली, पण घरचा गोशा होता तिथंच राहिला. मागच्या काचांना पडदे लागले, मागची सीट बायकांची ठरली, आणि त्या सीटच्या नेमकी खाली बॅटरी. मोटार बनवणाऱ्याला काय ठाऊक, की आमच्याकडं बायकांच्या बैठकीला परका पुरुष हात लावत नाही! बॅटरी काढायची म्हणजे पडदे सोडवा, घरच्याच दोन गड्यांना बोलवा, सीट उचला, ती धोंड्यासारखी बॅटरी हातगाडीवर घाला आणि रशीदभाईच्या रेडिओच्या दुकानात पाठवा. ती भरून परत येईपर्यंत, ज्या कामाला निघायचं ते शिळं झालेलं असायचं.

मोटार चालायची थोडी आणि उभी राहायची फार. उभी राहिली की बॅटरी उतरायची. त्यामुळं "बॅटरी बसलीय" हे वाक्य आपल्या घरात तुळशीसारखं कायमचं अंगणात होतं. तुळजापूरला जायचंय? बॅटरी बसलीय. धाकटीला, म्हणजे मला, माहेरी धाडायचंय? बॅटरी बसलीय. कधी ती खरंच बसलेली असायची आणि कधी पुरुषांना कंटाळा बसलेला असायचा, आपल्याला कसं कळणार? सीट उचलून बघायची सोय नव्हती.

तुमचे आबा गेले तो दिवस मी कधी विसरणार नाही. सोनारीच्या अलीकडच्या तुमच्या माहेरहून सकाळीच माणूस सांगावा घेऊन आला, की अजून धुगधुगी आहे, लेकीला लवकर घेऊन या. तुम्ही होतात त्या लुगड्यानिशी मोटारीत जाऊन बसलात. ड्रायव्हर तुकारामनं बटण दाबलं. मोटारीनं नुसता खोकल्यासारखा आवाज केला. हँडल मारून मारून त्याचे हात सोलले, गल्लीतल्या माणसांनी ढकलत ढकलत वेशीपर्यंत नेली, आणि तुम्ही आत, पडद्याआड, ज्या बॅटरीनं दगा दिला तिच्यावरच बसलेल्या. शेवटी एसटीनं गेलात. पोचलात तेव्हा चिता विझत आली होती. परत आल्यावर तुम्ही रडला नाहीत. मला एवढंच म्हणालात, "शालन, म्या आबांचं तोंड बगितलं न्हाय. माय तरी मला दिसली पायजे." आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचं लक्ष त्या मोटारीवर बसलं.

आता मात्र मला हसू येतंय, कारण यापुढची गोष्ट आठवली की मी अजून आनंदानं फुलते. गल्लीत नुकतीच लाईट आली होती. रशीदभाई बॅटरी पोचवायला आला, की मागच्या दाराच्या बाहेर उभा राहायचा आणि तुम्ही दाराच्या आत. मागचं अंगण बायकांचं, तिथं त्यानं पाऊल टाकायचं नाही. एकदा तुम्ही दाराआडून त्याला विचारलंत, "रशीदभाई, बैल दावणीला आसतो अन् वैरण त्येच्याकडं न्यावी लागती. बैल उचलून गंजीकडं कोण नेतं व्हय? मंग बॅटरी कशापायी तुमच्या दुकानात यावी?"

तो बाहेर जो हसला! "बाईसाब, बात बराबर हाय. पर सीट उचलावीच लागती ना दर टाईमाला."

"सीट एकडाव उचलायची. तिथनं दोन वायरी भायेर काढायच्या. मंग पुन्यांदा कशाला उचलायची?"

तो स्वतःशीच पुटपुटत हिशेब करायला लागला. मग म्हणाला, "बाईसाब, जमंल."

बस, त्या एका "जमंल"वर आपण दोघी नाचायच्या बाकी होतो. दादासाहेबांना विचारायचं का, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "इचारलं तर 'बघू' म्हनतील. त्येंचं बघू झालं की आपलं आंधळं झालं." तेव्हा तुमच्या मालकांना न विचारता, तेही कोर्टात असताना, तेही त्यांच्याच मोटारीवर, आपण हा उद्योग मांडला. रशीदभाईनं नवा चार्जर घेतला होता, जुना आपल्याला देऊन टाकला. पेटीएवढा डबा, वरती पत्र्याला जाळी, आतून म्हातारा घोरावा तसा आवाज. तो आपण शेडातल्या फळीवर ठेवला; मोटारीचं तोंड गल्लीकडच्या दारात आणि मागचं अंग तेवढं आत शेडात असायचं. वैरणीच्या फळीवर, हे तुमच्या म्हणण्याला धरूनच झालं.

आणि मग ती दुपार! रशीदभाई मागच्या भिंतीपलीकडं, एका पालथ्या घमेल्यावर बसलेला, आणि भिंतीवरून त्याचा नुसता आवाज येतोय. तुम्ही मोटारीत सीटच्या जागी, मी मागं नंबरपाटीपाशी. वायर कुठून काढायची? तुम्ही म्हणालात, नवं भोक नको, तळाला आहे त्याच भोकातून काढू. तिकडून आवाज, "रबर घाला! पत्र्याला घासली तर आग लागंल!" सायकलच्या फुटक्या ट्यूबचा तुकडा आपण त्या भोकात बसवला. "धुराच्या नळीपास्नं लांब!" मग तुम्ही खाली उताण्या झोपून वायर नळीच्या दुसऱ्या अंगानं नेलीत आणि सुतळीनं ठायी ठायी बांधलीत. "बॅटरीपासच फ्यूज घाला, भूलू नका!" तोही घातला. सॉकेट मी नंबरपाटीच्या शेजारी स्क्रूनं आवळलं. चिखल जाऊ नये म्हणून त्यावर चहाच्या डब्याचं झाकण एकाच स्क्रूवर बसवायचं, म्हणजे बोटानं सरकवता येतं, ही माझी युक्ती. तिचं कौतुक तुम्ही त्या दिवशी केलं नाहीत, पण पुढं येईल त्या बाईला झाकण सरकवून दाखवायचात, ते मी पाहिलंय.

आणि शेवटी घोटाळा झाला. कसा होणार नाही? दोन्ही वायरी काळ्या. रशीदभाई म्हणाला, धनाच्या, म्हणजे प्लसच्या, वायरीला निशाणी बांधा. तुम्ही बॅटरीकडच्या टोकाला शिवणाच्या डब्यातले दोरे बांधलेत, एकाला हिरवा, एकाला तांबडा, आणि इकडच्या टोकालाही तसेच. मी डोळे झाकून तांबडा दोरा धनाला धरला. कुंकू तांबडं, सवाष्णीचं लुगडं तांबडं, धन म्हणजे तांबडंच, यात विचारायचं काय? प्लग खुपसला. फाट्कन ठिणगी उडाली, फ्यूज जळाला, घाण वास सुटला, आणि मोटारीतून तुमचा आवाज आला, "भैरोबा! मेले गं शालन!"

भिंतीपलीकडं घमेलं वाजलं. "क्या हुआ? बाईसाब, काय झालं?"

तुम्ही मोटारीतून बाहेर आलात त्या भांडतच. "हिरवा धनाचा गं! हिरवा चुडा भरती बाई, तवा हात भरलेला म्हनत्यात. धन म्हंजी भरलेलं! तांबडा तर मोटारीच्या मागल्या दिव्यावानी, थांबायचा."

"कुंकू हिरवं लावता का, अक्का?"

"अन् चुडा तांबडा भरती का तू?"

रशीदभाई भिंतीपलीकडून खाकरला. "मला पुसाल तर म्या बी हिरवंच म्हनीन, बाईसाब. पर बॅटरीला दीन-धरम न्हाय. आधी फ्यूज बदला, झगडा मागून करा."

फ्यूज बदलला. वायरी बदलल्या. प्लग असा आणला, की एक पाय जाड आणि एक बारीक, म्हणजे उलटा जाणारच नाही. झगडा मात्र राहिला तो राहिलाच. सणाला बांगड्या भरताना, लोणच्याच्या बरणीला दोरा बांधताना, कुठंही तो निघायचा. तुम्ही दवाखान्यातून परत आलात त्याही दिवशी निघाला होता. मी आजही सांगते, धन तांबडंच. या, आणि खोडून काढा.

त्यानंतरचे ते दिवस काय मजेचे! मोटार एका दाबात चालू व्हायला लागली. दादासाहेब खूश. तुकारामला म्हणायचे, "बघ, तेल बदललं त्याचा गुण." तुकाराम बिचारा मान डोलवायचा. आपण दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसायचो. संध्याकाळी प्लग लावायचा, पहाटे काढायचा, डबा पोत्याखाली झाकायचा. चोरून कुणी दागिने घडवतं, आपण चोरून बॅटरी भरत होतो.

आणि एके दिवशी पहाटे तुम्हाला डोळा लागला आणि मी पोरांच्या तापात गुंतले. प्लग तसाच राहिला. दादासाहेबांना तुळजापूरला तारीख होती, घाईत बसले, तुकारामनं बटण दाबलं आणि गाडी निघाली, ती आपला डबा फळीवरून ओढून, वायरीसकट, गल्लीतून खडखड वाजवत! पोरं मागं धावताहेत, कुत्री भुंकताहेत, शेजारचे काका ओरडताहेत, "वकीलसाहेब, डबा! तुमचा डबा!" चौकात मोटार थांबली. दादासाहेब खाली उतरले. मागं येऊन त्यांनी ते सॉकेट पाहिलं, चहाच्या डब्याचं झाकण पाहिलं, हिरवा दोरा पाहिला. परत आले ते लालबुंद होऊन. तारीख तशीच राहिली.

ओसरीवर उभं राहून त्यांनी फर्मावलं, की हे सगळं आजच्या आज काढून टाका. माझ्याशी ते बोलत नसत, थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही ही घरची रीत. म्हणून ते तुम्हालाच बोलत होते, मी दाराआडून ऐकत होते. एवढं सगळं एका दिवसात उखडणार, असं मला वाटलं. तुम्ही पुढं झालात. आवाज चढवला नाहीत.

"आबा गेले तवा ह्याच मोटारीत म्या बसले हुते," तुम्ही म्हणालात. "सीटखाली बॅटरी मेलेली, अन् वर म्या. माझ्या बापाचं तोंड म्या बगितलं न्हाय. माय अजून हाय. ह्यो प्लग काढायचा आसंल तर काढा, पर मंग मोटार बी इका. दारात उभी असून चालत न्हाय अशी मोटार मला बगवत न्हाय."

दादासाहेबांनी हातातल्या किल्लीकडं पाहिलं. मग म्हणाले, "आणि पुन्हा असंच विसरलं तर? उद्या भिंत ओढून नेईल मोटार."

तुम्ही त्यांच्या हातातली मोटारीची किल्ली घेतलीत. शेडात गेलात, एक सुतळी घेतलीत, आणि किल्ली त्या प्लगला बांधलीत. घट्ट, दोन गाठी मारून. प्लग काढल्याशिवाय किल्ली कशी हातात यायची? आणि किल्लीशिवाय मोटार कशी निघायची? म्हणजे मोटार निघाली तर प्लग निघालेलाच. रशीदभाईला हे नंतर सांगितलं, तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "हे मला का सुचलं न्हाय?" प्लग आता वायरीतून सुटा होईल असा केला होता, त्यामुळं मोटार चालवताना त्या किल्लीला नुसता प्लग लोंबकळायचा, तुकारामच्या गुडघ्याला आपटायचा. तो कुरकुरला, मग सवय झाली.

पण खरी गंमत पुढं कळली. किल्ली आता मागच्या अंगणात राहायला लागली. आणि मागच्या अंगणात कोण? आपण! मोटार पाहिजे असली, की पुरुषांना ओसरीवरून हाक मारावी लागायची, "अहो, किल्ली द्या." कुणालाही हे ठरवून करायचं नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. पण "बॅटरी बसलीय" हे वाक्य त्या घरातून जे गेलं ते गेलंच. आता आपण म्हणायचो, "भरलीय. कधी निघायचं?"

मग आपण मायकडं किती वेळा गेलो! तुमची माय म्हातारी, खाटेवर, पण जीभ तरतरीत. तिसऱ्या-चौथ्यांदा गेलो तर म्हणाली, "आगं, पयल्यांदा येत न्हवतीस म्हून रडले. आता आली की जेवायला काय करावं म्हून रडू येतंय." तुम्ही तिथं पोरीसारख्या हसायचात. तसं हसताना मी तुम्हाला घरी कधी पाहिलं नव्हतं. माय गेली तेव्हा तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. परत येताना पडदा बाजूला सारून तुम्ही वाटभर बाहेर पाहत होतात, आणि तो ओढायला कुणी सांगितलं नाही.

आता तुमचं. ते कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, ते मी लिहिणार नाही. सकाळी त्यांनी एवढंच सांगितलं, लेकीला बोलवा, वेळ थोडा आहे. मी धावले शेडात. धावताना मनात एकच, मी काल प्लग लावला नव्हता. तुमच्या अंथरुणापाशी बसून मला कशाचं भानच नव्हतं. उभी मोटार, उतरलेली बॅटरी, मला तुमचे आबा दिसायला लागले. शेडात शिरले तर फळीवर डबा घरघरत होता. प्लग लावलेला होता. किल्ली लोंबत होती.

आदल्या संध्याकाळी तुम्ही परसात जायचं म्हणून उठला होतात. भिंतीला धरून धरून गेलात. बराच वेळ लागला, मी रागावले, "हाक मारायची की अक्का!" तुम्ही नुसत्या हसलात.

प्लग काढला, किल्ली तुकारामच्या हातात दिली. मोटार एका दाबात चालू झाली. दुपारच्या आत कुसुम कळंबहून आली, तुमच्या छातीवर पडली. तुम्ही तिच्या तोंडावरून हात फिरवलात, डोळे, नाक, हनुवटी. पुरतं पाहिलंत तिला आणि तिनं तुम्हाला. मग माझ्याकडं पाहून विचारलंत, "एका दाबात?"

"एका दाबात, अक्का."

"मंग!" म्हणालात. फड जिंकलेल्या पैलवानाच्या थाटात. तुमचा तो शेवटचा शब्द. लोकांना वाटतं तुम्ही शेवटी देवाचं नाव घेतलंत. मी कुणाची समजूत खोडली नाही.

अक्का, एक गोष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, आता हे पडदे, ही ओसरी, हे न बोलणं, एवढंच. मग तुम्ही माझ्या हातात स्क्रू दिलात. त्याचं मी काय करू, किती मानू, मला सांगता येत नाही. धन तांबडंच आहे, पण काल चार्जरची वायर जुनी झाली म्हणून बदलली तेव्हा मी तिच्यावर हिरवा दोरा बांधलाय. याचा अर्थ मी हरले असा घेऊ नका.

आज सकाळी कुसुम निघायची तयारी करत होती. मी शेडात होते. आणि दादासाहेब मागच्या अंगणात आले. इतक्या वर्षांत ते या शेडात कधी आले नव्हते, ओसरीवरूनच हाक मारायचे. मी पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड केलं. ते फळीपाशी जाऊन उभे राहिले. किल्लीला हात लावला नाही. डब्याकडं पाहत, हळू आवाजात म्हणाले, "किल्ली घेऊ का?"

तो प्रश्न मला नव्हता, अक्का. मी तरी थोडा वेळ थांबले, तुम्ही काही म्हणताय का ते ऐकायला. मग वळले, प्लग काढला, आणि रीत-बीत सगळं विसरून किल्ली त्यांच्या हातात दिली. ते कुसुमला घेऊन मोटारीत बसले. तुकारामनं बटण दाबलं.

एका दाबात, अक्का.